ग्रामोफाइल : एका बेवारस आज्ञावलीचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे आपण वाचतो, नाटकांची वाचतो. संगणकाच्या आज्ञावलीचे परीक्षण क्वचितच वाचायला मिळते. मिळालेच तर ते नुकत्याच बाजारात आलेल्या आज्ञावलीचे असते. आम्ही येथे जिचे परीक्षण करणार आहोत ती आज्ञावली बाजारात कधी नव्हतीच. ती विनामूल्य वाटली गेली, आणि तिच्या मूळ लेखकांनी तिच्यावरचे काम थांबवले त्यालाही आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तिचे नाव ग्रामोफाइल. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठाच्या संगणकावरून १९९८च्या सुमारास ती सर्वांना उपलब्ध झाली. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या या आज्ञावलीची कामे तीन : लाँगप्ले तबकडीवरील ध्वनी संगणकात उतरवून घेणे, त्यातील गाणी वेगवेगळी करणे आणि ओरखड्यांमुळे येणारी खटखट कमी करणे.

चालत नसलेल्या आज्ञावलीचे परीक्षण कशासाठी, असे वाचक विचारतील. आमच्याकडे दोन कारणे आहेत. पहिले असे की या आज्ञावलीचा गाभा शाळेच्या सांख्यिकीच्या धड्यातील ‘मध्यक’ या एका कल्पनेवर उभा आहे. त्यामुळे ती वर्गात उलगडून दाखवता येते. दुसरे कारण आमच्या एका चुकीचे आहे. ती आधी सांगून टाकतो.

आमची चूक

२००४ साली आम्ही संशोधक विद्यार्थी होतो. घरी आजोबांच्या चौदा लाँगप्ले तबकड्या होत्या. बहुतेक नाट्यसंगीताच्या, काही ख्यालाच्या. रात्री प्रयोगशाळेतील संगणक मोकळा असे. तबकडी वाजवायची, ग्रामोफाइलने ध्वनी उतरवून घ्यायचा, खटखट काढायची आणि सीडीवर लिहायचे, असा आमचा क्रम ठरला. आज्ञावलीत अनेक गाळण्या होत्या. आम्ही त्यांतील साधी मध्यक गाळणी निवडली आणि तिची ‘खिडकी’ नऊ नमुन्यांची ठेवली. टेबलावरच्या लहानशा स्पीकरवर खटखट बरीच कमी झालेली ऐकली आणि समाधान मानले.

आता थोडा हिशेब पाहा. सीडीच्या प्रमाणानुसार दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा म्हणजे दोन बाइटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट आणि मिनिटाला सुमारे एक कोटी सहा लाख बाइट. पंचेचाळीस मिनिटांच्या तबकडीला सुमारे ४७६ मेगाबाइट जागा लागते. एका सीडीत ७०० मेगाबाइट मावत. म्हणजे एका सीडीत एका तबकडीची एकच प्रत बसणार. ‘स्वच्छ’ प्रत हाताशी असताना खडखडाटाची मूळ प्रत दुसऱ्या सीडीवर ठेवणे आम्हाला उधळपट्टी वाटली. मूळ फाइली आम्ही पुसून टाकल्या.

पुढे चांगल्या स्पीकरवर ऐकले तेव्हा लक्षात आले की तबल्याच्या चाटेची धार गेली आहे. ‘स’, ‘श’ ही व्यंजने तोंडात रुमाल धरून उच्चारल्यासारखी वाटतात. आणि गंमत अशी की खोल ओरखड्यांची खटखट तरीही शिल्लक आहे. पुन्हा नव्याने गाळावे म्हटले तर मूळ फाइली नाहीत. तबकड्यांकडे जावे तर दरम्यान त्या पोटमाळ्यावर पत्र्याखाली काही उन्हाळे काढून वाकड्या झालेल्या. यात आज्ञावलीचा दोष किती आणि आमचा किती, हे ठरवण्यासाठी ती आतून पाहणे भाग आहे.

खाचेपासून आकड्यापर्यंत

लाँगप्ले तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. बाहेरच्या कडेजवळ, केंद्रापासून सुमारे १४.६ सेंटिमीटर अंतरावर, खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर या वेगाने सरकते. आतल्या टोकाला, सहा सेंटिमीटर त्रिज्येवर, हाच वेग २१ सेंटिमीटर उरतो. तबकडीवर आडवा गेलेला ०.१ मिलिमीटर रुंदीचा ओरखडा घ्या. बाहेरच्या कडेला तो ओलांडायला सुईला ०.२ मिलिसेकंद लागतील. तेवढ्या वेळात संगणक सुमारे नऊ नमुने घेईल. आतल्या टोकाला त्याच ओरखड्यासाठी सुमारे एकवीस नमुने जातील. प्रत्यक्षात सुईच्या स्वतःच्या कंपनामुळे खटका याहून लांबतो, पण अंदाजाला एवढे पुरे. ओरखडा एकच, आकड्यांत मात्र त्याची लांबी जागेनुसार बदलते. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर दाबून आणि उंच स्वर वाढवून कोरतात, नाहीतर खर्जाची वळणे शेजारच्या खाचेत शिरतील. वाजवताना याच्या उलट करावे लागते. १९५४पासून यासाठी एक ठरावीक वक्र रूढ झाला. हे काम ग्रामोफाइल करीत नाही. ते तबकडी-वादकासाठी असलेल्या वेगळ्या ॲम्प्लिफायरवर सोपवते. हा निर्णय योग्य आहे. तबकडीचे साधन थेट संगणकाच्या माइकच्या भोकात जोडून ‘आवाज पत्र्यासारखा येतो’ अशी तक्रार करणाऱ्यांनी दोष आज्ञावलीला देऊ नये.

मध्यकाची गाळणी

आता गाभ्याकडे वळू. समजा, ध्वनीचे लागोपाठचे नऊ नमुने असे आहेत :

१२, १५, १७, १८, ९५, २०, १९, १७, १४

यातील ९५ हा आकडा उघडच ओरखड्याचा आहे. तो घालवण्यासाठी प्रत्येक आकड्याच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी अशा तिघांची सरासरी घेऊन पाहू. १८च्या जागी (१७, १८ आणि ९५ मिळून) ४३.३ येईल, ९५च्या जागी ४४.३, आणि २०च्या जागी ४४.७. म्हणजे खटका गेला नाही. तो तिघांत वाटला गेला. चांगल्या शेजाऱ्यांनाही त्याचा डाग लागला.

आता सरासरीऐवजी तिघांचा मध्यक घ्या, म्हणजे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा उचला. १८च्या जागी १८च राहतो. ९५च्या जागी (१८, २०, ९५ यांतील मधला) २० येतो. पुढचा २० हा २०च राहतो. बाकीच्या आकड्यांनाही धक्का लागत नाही. वेडावाकडा आकडा तेवढा गेला, आणि शेजारी जसेच्या तसे राहिले. सरासरीला टोकाचा आकडा ओढून नेतो, मध्यकाला नेत नाही, हे आपण वर्गात सांगतो. त्याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

पण गाळणी फुकट काही देत नाही. तीन आकड्यांची खिडकी एकाच नमुन्याचा खटका काढू शकते. नऊंची खिडकी चार नमुन्यांपर्यंतचा काढते, कारण पाच बिघडलेले आकडे आले की त्यांचेच बहुमत होते. नऊ नमुन्यांच्या ओरखड्यासाठी किमान एकोणिसांची खिडकी लागेल, आणि आतल्या टोकाच्या एकवीस नमुन्यांच्या ओरखड्यासाठी त्रेचाळिसांची. आमची खिडकी नऊंची होती. खोल ओरखडे का राहिले, याचा उलगडा इथे होतो.

तर मग खिडकी मोठी का करू नये? एक शुद्ध सूर घ्या, ज्याचे एक आवर्तन बरोबर नऊ नमुन्यांत पूर्ण होते. त्याची वारंवारिता ४४,१०० भागिले ९, म्हणजे ४,९०० हर्ट्झ. नऊंची खिडकी या सुरावरून सरकवत न्या. एक आकडा डावीकडून बाहेर पडतो आणि उजवीकडून नेमका तोच आकडा आत येतो. खिडकीत सदैव तेच नऊ आकडे असतात, फक्त त्यांचा क्रम बदललेला. मध्यक क्रमाकडे पाहत नाही. म्हणून उत्तर प्रत्येक वेळी तेच येते. आणि जो आकडा बदलतच नाही तो म्हणजे शांतता. ४,९०० हर्ट्झचा सूर पुरता पुसला गेला! तबल्याच्या चाटेची धार आणि ‘स’चा सीत्कार यांचा मोठा वाटा याच परिसरात असतो. त्रेचाळिसांची खिडकी घेतली असती तर हीच गत सुमारे १,०२६ हर्ट्झच्या सुराची झाली असती. म्हणजे गाण्याच्या ऐन मध्यावर घाव पडला असता.

याहून नवल पुढे आहे. ०, १०, ०, −१०, ०, १०, ०, −१० अशी मालिका घ्या आणि तिघांचा मध्यक काढा. सगळीकडे शून्य मिळेल. आता ७, ७, −७, −७, ७, ७, −७, −७ ही मालिका घ्या. हा तोच सूर, तेवढ्याच जोराचा. फक्त नमुने घेण्याचा क्षण अष्टमांश आवर्तनाने सरकलेला आहे. तिघांचा मध्यक काढला तर ही मालिका जशीच्या तशी परत येते. एकच सूर, एकच गाळणी. एकदा तो समूळ नाहीसा होतो, एकदा त्याला ओरखडाही उठत नाही. यावरून दिसते की अशा गाळणीतून गेलेल्या ध्वनीतून मूळ ध्वनी परत काढता येत नाही. मालिकेतील शून्ये पाहून तेथे पूर्वी काय होते, हे कोण सांगणार?

अट घातलेली गाळणी

ग्रामोफाइलच्या लेखकांना हे सर्व ठाऊक होते. म्हणूनच साध्या गाळणीबरोबर त्यांनी ‘सशर्त’ मध्यक गाळण्या दिल्या. त्यांची रीत अशी : ध्वनी एखाद्या जागी किती तीव्रतेने वळतो ते मोजायचे, आजूबाजूच्या ध्वनीशी त्याची तुलना करायची, आणि ते प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तरच त्या जागी मध्यक वापरायचा, एरवी नमुन्याला हात लावायचा नाही. या आज्ञावलीतील सर्वांत चांगला विचार हाच आहे. डॉक्टर दुखऱ्या जागीच इंजेक्शन देतो, सगळ्या अंगाला नाही.

परंतु मर्यादा किती ठेवायची, हा प्रश्न उरतोच. फार कमी ठेवली तर तबल्याची चाटही ओरखडा ठरते, कारण तीही अचानक उसळते. फार जास्त ठेवली तर लहान ओरखडे सुटतात. कोणता धक्का वादकाचा आणि कोणता निष्काळजी हाताचा, हे आकड्यांत लिहिलेले नसते. ही मर्यादा वापरणाऱ्याला बदलता येते, हा आज्ञावलीचा गुण. पण आज्ञावली दाखवत नाही की तिने नेमके काय काढून टाकले. मूळ ध्वनीतून गाळलेला ध्वनी वजा करून उरलेला भाग ऐकायला मिळाला असता, तर त्यात तबला ऐकू येताच आम्ही त्याच रात्री सावध झालो असतो. ही उणीव आम्ही सर्वांत गंभीर मानतो.

दुसरी उणीव सहज डोळ्यांत भरणारी आहे. आडवा ओरखडा दर फेऱ्याला परत येतो, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, म्हणजेच ७९,३८० नमुन्यांनी. तबला असा काटेकोर परत येत नाही. ओरखडा ओळखण्याचा याहून चांगला पुरावा कोणता? ग्रामोफाइलच्या गाळण्या मात्र फक्त जवळच्या शेजाऱ्यांकडे पाहतात. तबकडी फिरते आहे, हे त्यांच्या गावी नाही. येथे लेखकांची अडचणही मांडली पाहिजे. वादकाचा वेग एक टक्का जरी चुकला तरी परतीची जागा जवळजवळ ८०० नमुन्यांनी हुकते. तेव्हा हे काम दिसते तितके सोपे नाही. पण वेग आधी मोजून घेतला तर अशक्यही नाही.

गाणी वेगळी करण्याची रीत अशी की ध्वनीचे ४,४१० नमुन्यांचे, म्हणजे एक दशांश सेकंदाचे, तुकडे पाडून प्रत्येकाची शक्ती मोजायची, आणि सुमारे दोन सेकंद ती अगदी कमी राहिली तर गाणे संपले असे मानायचे. तीन-चार मिनिटांची गाणी आणि मध्ये मोकळी जागा अशा तबकडीवर ही रीत छान चालते. आमची नाट्यगीते तिने नीट वेगळी केली. ख्यालाची गोष्ट निराळी. विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुरा थांबत नाही, म्हणून आज्ञावलीला शांतता सापडत नाही. दोष कोणाचाच नाही. प्रत्येक आज्ञावलीत तिच्या लेखकाच्या घरातले संगीत थोडेफार मुरलेले असते. सुदैवाने गाण्यांच्या सीमा ती साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवते, आणि त्या हाताने दुरुस्त करता येतात.

ती बंद का पडली?

पुस्तकाला वर्षानुवर्षे कोणी हात लावला नाही तरी ते वाचता येते. ग्रामोफाइलच्या १.६ या आवृत्तीतही एक अक्षर बदललेले नाही, तरी आजच्या संगणकावर ती सुरू केली की ध्वनी उतरवण्याचा पर्याय निवडताच साउंड कार्ड सापडत नाही म्हणून ती अडते. असे का?

कारण असे की ग्रामोफाइल लिहिली गेली तेव्हा लिनक्समध्ये साउंड कार्डाशी बोलण्याची ओएसएस नावाची पद्धत होती. साउंड कार्ड ही जणू एक फाइल असे. ती उघडून वाचली की ध्वनीचे आकडे मिळत. २००३च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्सच्या २.६ गाभ्यात आल्सा ही नवी पद्धत मुख्य झाली. २००७ साली फेडोरा या वितरणाने त्यावर पल्सऑडिओचा थर चढवला. २०२१ साली त्याची जागा पाइपवायरने घेतली. प्रत्येक वेळी जुन्या पद्धतीचे सोंग घेणारा एखादा थर ठेवला गेला, आणि हळूहळू तोही बऱ्याच ठिकाणी मूळ मांडणीतून गळला. घर जागच्या जागी राहिले, पण त्याकडे जाणारा रस्ता दोन-तीनदा वळवला गेला.

येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मेला तो आज्ञावलीचा फक्त ध्वनी उतरवणारा भाग. गाळण्या आणि गाणी वेगळी करणारा भाग साउंड कार्डाला विचारतच नाही. तो डिस्कवरची वेव्ह फाइल वाचतो आणि दुसरी लिहितो. वेव्ह फाइलीची रचना तीच राहिली, म्हणून हा भाग जुळवून घेतल्यावर आजही चालतो. जो भाग भोवतालच्या बदलत्या यंत्रणेला चिकटला तो आधी गेला. जो साध्या, उघड आणि सर्वमान्य रचनेवर उभा होता तो टिकला.

लेखकांना दोष द्यावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. ग्रामोफाइल ज्या जीपीएल परवान्याखाली दिली गेली, त्यात हमी काहीही नाही असे स्वच्छ लिहिलेले असते. त्या बदल्यात सोर्स कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुढे वाटण्याचा हक्क मिळतो. लेखकांनी शब्द मोडलेला नाही. उलट त्यांनी गाळण्या कशा चालतात याचे वर्णनही सोबतच्या फाइलींत लिहून ठेवले. आम्हाला खटकते ती आम्हा वापरणाऱ्यांची वृत्ती. ‘मुक्त आज्ञावली कधी मरत नाही’ असे आम्ही त्या काळी मोठ्या आवाजात सांगत असू. दुरुस्तीचा हक्क कागदावर असणे आणि दुरुस्त करू शकणारा माणूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतर काहींनी तिला ठिगळे लावली, डेबियन या वितरणाने तिला बरीच वर्षे सांभाळले. पण वाचणारे हात थोडे, आणि वापरून पुढे जाणारे फार. आम्ही स्वतः त्या वेळी तिच्या वर्णनाची फाइल उघडूनही पाहिली नव्हती. पाहिली असती तर नऊंची खिडकी ठेवली नसती.

ऑडॅसिटी या आज्ञावलीशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ती सुरू झाली आणि २००० साली लोकांपुढे आली. म्हणजे दोघींची वये फारशी वेगळी नाहीत. ऑडॅसिटी ध्वनीचा आलेख डोळ्यांसमोर ठेवते, लिनक्सखेरीज इतर प्रणालींवरही चालते, आणि तबकडीपलीकडे शेकडो कामांना उपयोगी पडते. म्हणून तिला वापरणारे अनेक मिळाले, आणि त्यांतून सांभाळणारे मिळाले. २०२१ साली ती म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेली. आज खटखट काढायची असेल तर आम्हीही तिच्याकडेच बोट दाखवू. पण ती काय करते हे समजण्यासाठी ग्रामोफाइलच्या वर्णनाची दोन-चार पाने अधिक उपयोगी आहेत, असे आमचे मत आहे.

मग करायचे काय?

एखादी आज्ञावली बेवारस झाली की चार वाटा असतात. पहिली, जुन्या पद्धतीचे सोंग घेणाऱ्या थरातून ती चालवणे. पल्सऑडिओबरोबर ‘पॅडएसपी’ नावाचे असे साधन मिळते. काम भागते, पण हा थर काढून टाकला जाईल त्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. दुसरी वाट, आभासी संगणकात जुनी लिनक्स प्रणाली जशीच्या तशी बसवणे. संग्रहालय म्हणून हे उत्तम. मात्र त्यातून ध्वनी उतरवून घेताना नमुने गळण्याचा धोका असतो. म्हणून तेथे फक्त गाळण्याचे काम करावे. तिसरी, सोर्स कोड दुरुस्त करणे. सी भाषा येणाऱ्याने हे जरूर करावे आणि केलेली दुरुस्ती इतरांना द्यावी.

चौथी वाट आम्हाला सर्वांत पसंत आहे : आज्ञावली सोडायची आणि पद्धत उचलायची. ध्वनी आजच्या कोणत्याही साधनाने उतरवावा. लिनक्सवर ‘आरेकॉर्ड’ ही छोटी आज्ञाही पुरते. सशर्त मध्यक गाळणी पायथन भाषेत एका पानात लिहून होते. अकरावी-बारावीचा विद्यार्थी ती लिहू शकतो, आणि काढून टाकलेला भाग वेगळ्या फाइलीत ठेवण्याची सोय, जी मूळ आज्ञावलीत नव्हती, तीही दोन ओळींत करू शकतो. एकदा पद्धत हातात आली की आज्ञावली बेवारस झाल्याचे भय उरत नाही.

पण या चारही वाटांचा उपयोग एकाच अटीवर आहे : मूळ, न गाळलेला ध्वनी जपलेला असला पाहिजे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आयएएसएच्या, मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. संग्रहाची प्रत कोणतीही सुधारणा न करता उतरवावी, किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट घ्यावेत, आणि साफसफाई करायची ती वेगळ्या प्रतीवर करावी. ग्रामोफाइलला केवळ १६ बिट आणि ४४,१०० नमुनेच समजतात, कारण तिच्या काळी मुक्कामाचे ठिकाण सीडी हेच होते. तबकडीच्या स्वतःच्या खरखरीपुढे १६ बिट कानाला पुरतात हे खरे; पण २४ बिट घेतले की ध्वनीची पातळी सावधपणे कमी ठेवता येते आणि मोठ्या आवाजाची टोके कापली जात नाहीत. जागेची सबब आता चालणार नाही. २००१पासून उपलब्ध असलेल्या फ्लॅक या रचनेत एकही नमुना न गमावता फाइल बरीच लहान होते.

प्रयोगवहीकडे परत

हे लिहिताना आम्हाला एक विसंगती बोचत राहिली. प्रयोगशाळेत आम्ही मूळ नोंदी कधीच फेकत नाही. खोडलेला आकडादेखील वाचता येईल असा एका रेघेने खोडायचा, ही आमची पहिली शिकवण. मग त्याच प्रयोगशाळेत, त्याच संगणकावर आजोबांच्या गाण्यांच्या मूळ नोंदी आम्ही का पुसल्या? कारण ते ‘विज्ञान’ आहे असे आम्हाला वाटलेच नाही. आज्ञावलीने दिलेली स्वच्छ फाइल आम्ही उत्तर मानली; ती एका निर्णयाचे फळ आहे, आणि तो निर्णय आम्हीच घेतला होता, हे ध्यानात आले नाही.

शाळेच्या प्रयोगवह्यांतही हेच घडते, हे शिक्षकांना सांगायला नको. लंबकाच्या दहा वाचनांत एक भलतेच येते. विद्यार्थी ते खोडरबराने पुसतो आणि शेजाऱ्याच्या वहीतल्यासारखे लिहितो. ही बिनशर्त मध्यक गाळणीच झाली. ते वाचन चूक असेल किंवा नसेलही. ओरखडा असेल किंवा तबल्याची चाट असेल. ते ठरवण्याची मुभा विद्यार्थ्याला जरूर द्यावी, पण वाचन वहीत राहू द्यावे, आणि ते का गाळले हे शेजारी लिहायला सांगावे. वर दिलेली नऊ आकड्यांची मालिका फळ्यावर लिहून सरासरी आणि मध्यक काढण्यात एक तासिका जाईल. त्याच तासिकेत शेवटची दहा मिनिटे हा प्रश्न विचारावा : ९५ हा आकडा आपण काढला खरा, पण तो खरोखरच चुकीचा होता हे आपल्याला कसे कळले?

आमच्या चौदा तबकड्यांपैकी तीन अजून सपाट निघाल्या. त्या आम्ही पुन्हा वाजवल्या, २४ बिटांत उतरवल्या आणि खटखटीसकट जपून ठेवल्या आहेत. उरलेल्या अकरांची गाणी आमच्याकडे आता फक्त नऊंच्या खिडकीतून गाळलेली आहेत.